गाळापासून उलटं मोजा: कारखान्यांच्या सांडपाण्याची मर्यादा ठरवण्याची पद्धत

मैलापाणी केंद्रात आलेलं जस्त, तांबं किंवा कॅडमियम तिथे नष्ट होत नाही. जिवाणू सेंद्रिय घाण खातात, धातू खात नाहीत. आत आलेला धातू शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतो, नाहीतर गाळात बसतो. पाऱ्यासारखा एखादाच थोडाफार हवेत जातो. पाणी जितकं चांगलं शुद्ध होईल तितका गाळातला धातू वाढतो. त्यामुळे बाहेर पडणारं पाणी नियमात बसतंय आणि गाळ मात्र जमिनीवर टाकण्याच्या लायकीचा नाही, असं अगदी नीट चालवलेल्या केंद्रातही होतं.

गाळातून आम्लाने धातू धुऊन काढण्याच्या पद्धती आहेत, पण रोजच्या कामात त्या झेपत नाहीत. म्हणजे जे करायचं ते कारखान्याच्या दारात, पाणी गटारात पडण्याआधी. तिथली मर्यादा किती असावी याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एखाद्या छापील तक्त्यातून उचललं जातं. ते उत्तर तुमच्या केंद्रातून मोजून काढावं लागतं, आणि मोजणी गाळाकडून मागे यायला हवी. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे. केंद्र चालवणारे अभियंते आणि कारखान्यातले ईटीपी (कारखान्याचं स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) सांभाळणारे, दोघांनाही ते लागू पडेल.

१. गाळ कुठे जाणार ते आधी ठरवा

शेतात, कंपोस्टमध्ये, भरावभूमीत की भट्टीत? हे ठरल्याशिवाय पुढचा एकही आकडा निघत नाही. जमिनीवर वापरायचा असेल तर खालच्या मर्यादा कामाच्या आहेत. सगळे आकडे कोरड्या गाळाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. अमेरिकेचे आकडे १९९३ च्या भाग ५०३ या नियमातले, युरोपचे १९८६ च्या गाळ निर्देशातले, आणि भारताचे खत नियंत्रण आदेशातल्या शहरी कंपोस्टचे.

| धातू | अमेरिका, कमाल | अमेरिका, मासिक सरासरी | युरोप | भारत, शहरी कंपोस्ट |
|---|---|---|---|---|
| आर्सेनिक | ७५ | ४१ | – | १० |
| कॅडमियम | ८५ | ३९ | २०–४० | ५ |
| क्रोमियम | – | – | – | ५० |
| तांबं | ४,३०० | १,५०० | १,०००–१,७५० | ३०० |
| शिसं | ८४० | ३०० | ७५०–१,२०० | १०० |
| पारा | ५७ | १७ | १६–२५ | ०.१५ |
| निकेल | ४२० | ४२० | ३००–४०० | ५० |
| सेलेनियम | १०० | १०० | – | – |
| जस्त | ७,५०० | २,८०० | २,५००–४,००० | १,००० |

यातला ‘कमाल’ हा स्तंभ गणितासाठी घेऊ नका. त्याच्या वर गेलेला गाळ जमिनीवर टाकताच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपलं लक्ष्य मासिक सरासरीचं, किंवा स्थानिक नियम त्याहून कडक असेल तर तो. कंपोस्टचे आकडे तयार मालाचे आहेत. त्यात गाळाबरोबर दुसरा ओला कचरा मिसळलेला असतो, म्हणून नुसत्या गाळाशी त्यांची थेट तुलना करताना हे मिश्रण लक्षात ठेवावं लागतं. मिश्रण वाढवून आकडा खाली आणता येतो, पण एकूण धातू तेवढाच जमिनीत जातो. अमेरिकी नियमात म्हणूनच हेक्टरी आयुष्यभराची बेरीजही बांधून दिली आहे: जस्त २,८०० किलो, कॅडमियम ३९ किलो, शिसं ३०० किलो.

२. कोरडा गाळ प्रत्यक्ष किती निघतो?

इथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते. डिझाइनच्या कागदावरचा आकडा वापरू नका. काट्यावर वजन केलेल्या ओल्या केकला (पाणी पिळून काढलेल्या गाळाला) घन पदार्थाच्या टक्केवारीने गुणा: दिवसाला १५ टन केक, २० टक्के घन, म्हणजे ३ टन कोरडा गाळ. निदान तीन महिन्यांची सरासरी घ्या, पावसाळा वेगळा काढा.

डायजेस्टर (गाळ कुजवून वायू करणारी बंद टाकी) असेल तर नमुना त्याच्या नंतरचाच हवा. साडेचार टन कच्च्या गाळात ७० टक्के बाष्पनशील (तापवल्यावर उडून जाणारे, मुख्यतः सेंद्रिय) घटक असले आणि त्यातले निम्मे वायू होऊन गेले, तर सुमारे तीन टन उरतो. धातू मात्र होता तेवढाच राहतो, म्हणजे दर किलोमागे तो जवळपास दीडपट होतो. कच्च्या गाळाचा अहवाल बघून निर्धास्त राहिलेलं केंद्र नेमकं इथे फसतं. गाळ चुन्याने स्थिर केला तर उलट होतं: चुन्याचं वजन भरल्यामुळे आकडा पडतो.

३. गटाराला कोण जोडलेलं आहे?

परवान्यांची यादी पुरेशी नसते. पाणीपट्टी, वीजजोडणी आणि व्यापार परवाना या तीन याद्या एकमेकींवर ठेवल्या की राहून गेलेले दिसतात. मग धंदा बघून प्रदूषक ओळखा: इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये निकेल, क्रोमियम, तांबं, जस्त आणि सायनाइड, गॅल्वनायझिंगमध्ये जस्त, चर्मोद्योगात क्रोमियम आणि सल्फाइड, बॅटरीच्या कामात शिसं आणि आम्ल, सर्किट बोर्डात तांबं, रेडिएटर दुरुस्तीत शिसं, तांबं आणि जस्त, दातांच्या दवाखान्यात पारा. पाऱ्याचा बंदोबस्त खुर्चीला अमाल्गम सेपरेटर (दातात भरायच्या पाऱ्याच्या मिश्रणाचे कण अडवणारं साधन) लावूनच होतो, केंद्राच्या तोंडाशी तो पकडायला जाऊ नये. खासगी टँकरसाठी एकच ठरावीक जागा, नोंदवही आणि रिकामा करण्याआधी पीएच तपासणी ठेवा. रात्री भलत्याच मॅनहोलमध्ये रिकामा होणारा टँकर सगळं गणित उधळून लावतो.

स्रोत सापडत नसेल तर मॅनहोलच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीला जमलेला बुळबुळीत थर खरवडून त्यातले धातू तपासा. वाहत्या पाण्याच्या नमुन्यात तो एक क्षण सापडतो. या थरात कित्येक आठवड्यांचा धातू साठलेला असतो. मुख्य वाहिनीपासून सुरुवात करून प्रत्येक फाट्यावर वरच्या बाजूला सरकत गेलं की आकडा जिथे एकदम चढतो ती गल्ली हाती लागते. त्यानंतरच महागडा ऑटोसॅम्पलर (आपोआप नमुने गोळा करणारं यंत्र) तिथे लावा.

४. नमुने

केंद्राच्या इनलेटला सलग सात दिवस, सुट्टीचा दिवस धरून, २४ तासांचे प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेले मिश्र नमुने घ्या. बाहेरच्या पाण्याचे नमुने त्याच दिवसांचे, पण केंद्रातून पाणी जायला जितके तास लागतात तितके उशिरा सुरू केलेले. फक्त घरगुती वस्तीच्या एक-दोन वाहिन्यांवरचेही नमुने घ्या. घरगुती भार पुस्तकातून घेतला तर पुढे वाद होतो आणि त्यात कारखानदार जिंकतो.

पीएच, तापमान, सायनाइड, तेल-ग्रीस, सल्फाइड, फिनॉल, षट्संयुजी क्रोमियम आणि उडून जाणारी द्रावकं यांचे मिश्र नमुने चालत नाहीत. ते एकाच वेळी भरलेले सुटे नमुने हवेत. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, मग नमुना सहा महिने टिकतो; पारा मात्र २८ दिवसांत तपासून झाला पाहिजे. सायनाइडला कॉस्टिक घालून पीएच १० च्या वर, थंड आणि अंधारात, १४ दिवस. तेल-ग्रीसची बाटली काचेचीच, आणि ती नमुन्याने आधी विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं.

गाळाचा नमुना सेंट्रिफ्यूज किंवा बेल्ट प्रेसच्या तोंडाशी, पाळीभर थोडा थोडा घेऊन एकत्र केलेला असावा. वाळवण्याच्या वाफ्यातून घ्यायचा तर अनेक ठिकाणांहून आणि पूर्ण खोलीचा. वरची पापडी उचलून आणू नका. प्रयोगशाळेला ‘एकूण धातू, आम्ल पचनानंतर, कोरड्या वजनावर’ असं लेखी सांगा. ओल्या वजनावर दिलेला अहवाल २० टक्क्यांच्या केकसाठी पाचपट कमी आकडा दाखवतो, आणि कागदावर तो देखणा दिसतो.

५. किती धातू गाळात जातो?

इनलेटमधून बाहेरच्या पाण्याचा भार वजा करून इनलेटने भागा. अॅक्टिव्हेटेड स्लज (हवा देऊन जिवाणूंकडून घाण काढणाऱ्या) केंद्रात तांबं आणि जस्त साधारण ८० टक्क्यांच्या आसपास, कॅडमियम आणि शिसं ६० ते ७०, निकेल मात्र ४० टक्क्यांच्या घरात गाळात जातं. निकेल पाण्यात विरघळलेलं राहतं, म्हणून त्याची मर्यादा बऱ्याचदा गाळापेक्षा नदीकडून ठरते. हे आकडे फक्त ताळा करण्यासाठी; वापरायचे ते स्वतः मोजलेले. सातही दिवसांच्या भारांची बेरीज करून एकच टक्केवारी काढा. रोजच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर एखादा विचित्र दिवस सगळं फिरवतो.

शेवटी ताळा असा: गाळातला आकडा गुणिले कोरडा गाळ, हा तुमच्या इनलेटच्या हिशेबाशी २०-३० टक्क्यांत जुळतो का? जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. गाळाचं वजन चुकलेलं असतं, प्रवाहमापक चुकलेला असतो, नाहीतर सात दिवसांच्या बाहेर कोणीतरी सोडत असतं.

६. गणित

सोसण्याजोगा भार = गाळातली मर्यादा × रोजचा कोरडा गाळ ÷ गाळात जाणारा वाटा

उदाहरणादाखल एक केंद्र धरू: रोज २० दशलक्ष लिटर, म्हणजे २०,००० घनमीटर. त्यात घरगुती १८,००० आणि कारखान्यांचं २,०००. कोरडा गाळ ३,००० किलो. जस्ताचा ८० टक्के वाटा गाळात. लक्ष्य २,८०० मिग्रॅ प्रति किलो.

गाळात चालेल असं जस्त: २,८०० × ३,००० = रोज ८.४ किलो.
इनलेटला सोसण्याजोगा भार: ८.४ ÷ ०.८ = १०.५ किलो.
सुरक्षेसाठी १० टक्के वजा: १.०५ किलो.
घरगुती, ०.२ मिग्रॅ प्रति लिटरने: ३.६ किलो.
कारखान्यांसाठी उरलं: ५.८५ किलो.
२,००० घनमीटरवर सारखं वाटलं तर: सुमारे २.९ मिग्रॅ प्रति लिटर.

आता भारतातल्या पर्यावरण संरक्षण नियमांचा सर्वसाधारण तक्ता घ्या. सार्वजनिक गटारात सोडायला जस्ताची मर्यादा तिथे १५ मिग्रॅ प्रति लिटर आहे. आपल्या केंद्रातल्या प्रत्येक कारखान्याने ती तंतोतंत पाळली, तर त्यांच्याकडून रोज ३० किलो जस्त येईल. घरगुती धरून ३३.६ किलो, त्यातलं ८० टक्के, म्हणजे जवळपास २६.९ किलो, गाळात. ३,००० किलोने भागलं की दर किलोला सुमारे ८,९६० मिग्रॅ. अमेरिकी कमाल मर्यादेच्याही वर, आणि कंपोस्टच्या मर्यादेच्या जवळपास नऊपट. एकाही कारखान्याने नियम मोडलेला नाही! छापील आकडा चुकीचा आहे असं यातून निघत नाही. त्या आकड्याला तुमच्या गटारात किती कारखाने आहेत आणि गाळ किती निघतो हे ठाऊक नाही, एवढंच.

कंपोस्टच्या १,००० मिग्रॅवर हेच गणित केलं तर सोसण्याजोगा भार ३.७५ किलो येतो; सुरक्षेचे १० टक्के काढल्यावर ३.३७५. घरगुतीच ३.६ किलो आहे. कारखान्यांचा वाटा शून्याच्या खाली. असं उत्तर आलं की अनेक जण सुरक्षेचा वाटा काढून टाकतात किंवा घरगुती आकडा हळूच कमी करतात. त्याऐवजी प्रश्न नीट लिहून वर पाठवा. घरगुती जस्ताचा मोठा वाटा गॅल्वनाइज्ड नळांमधून आणि तांबं तांब्याच्या नळांमधून झिजून येतं. मऊ, आम्लधर्मी पाण्यात ही झीज वाढते. पाणीपुरवठ्याचा पीएच आणि क्षारता सुधारली तर गाळ सुधारतो. तेही शक्य नसेल तर गाळाची वाट बदलावी लागते.

कॅडमियममध्ये वेगळाच सापळा आहे. लक्ष्य ३९ मिग्रॅ, गाळात ६७ टक्के: सोसण्याजोगा भार रोज फक्त १७५ ग्रॅम. प्रयोगशाळेची शोधमर्यादा (जिच्याखालचं प्रमाण यंत्राला दिसत नाही) ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर असेल, तर १८,००० घनमीटर घरगुती पाण्यात ‘आढळलं नाही’ या शब्दांमागे १८० ग्रॅमपर्यंत काहीही लपू शकतं. म्हणजे सगळा हिशेबच शोधमर्यादेच्या पोटात गेला. शोधमर्यादा लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या खाली जाणारं आयसीपी-एमएस यंत्र वापरणारी प्रयोगशाळा शोधा, आणि तोवर गाळावरून उलटं काढा. गाळात कॅडमियम हजारो पटीने एकवटलेलं असतं, त्यामुळे तिथला आकडा भरवशाचा असतो.

७. गाळाशिवाय आणखी कुठे अडतं?

प्रत्येक प्रदूषकासाठी तीन-चार भार निघतात: गाळाचा, नदीत सोडण्याच्या मर्यादेचा, जिवाणूंना बाधा होण्याचा, डायजेस्टरचा. त्यांतला सर्वांत लहान धरायचा. नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जिवाणू सर्वांत नाजूक. तांबं, जस्त, निकेल, सायनाइड लिटरमागे काही दशांश मिलिग्रॅमला गेलं की अमोनिया उतरणं मंदावतं. वरच्या उदाहरणात १०.५ किलो जस्त म्हणजे इनलेटला सुमारे ०.५ मिग्रॅ. गाळाला चालणारा भार अमोनिया काढणाऱ्या टाकीला त्रासदायक ठरू शकतो. अर्थात बाधा करतो तो विरघळलेला भाग, आणि प्राथमिक टाकीत काही जस्त आधीच बसतं, म्हणून एकूण जस्तावरून घाबरून निर्णय घेऊ नका. विरघळलेलं वेगळं मोजा.

भाराच्या हिशेबात न बसणाऱ्या काही गोष्टींना सरळ बंदीच हवी. अमेरिकी नियमातली यादी वापरण्याजोगी आहे: ६० अंश सेल्सिअसच्या खाली पेटणारं द्रव, ५ च्या खाली पीएच, प्रवाह अडवणारे घन किंवा चिकट पदार्थ, केंद्राच्या तोंडाशी तापमान ४० अंशांच्या वर नेणारं गरम पाणी, खनिज तेल, आणि गटारात विषारी वायू तयार करणारं काहीही. सल्फाइड असलेल्या पाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सायनाइड असेल तर हायड्रोजन सायनाइड. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला तेव्हा सरासरीचा काही उपयोग नसतो.

८. वाटणी

५.८५ किलो सगळ्यांत सारखं वाटणं सोपं, पण मूर्खपणाचं. दुधाच्या डेअरीला जस्ताचा वाटा देऊन काय करायचं? समजा २,००० पैकी ३०० घनमीटर पाणीच जस्त वापरणाऱ्यांचं आहे आणि उरलेल्या १,७०० मध्ये घरगुतीइतकंच, ०.२ मिग्रॅ जस्त आहे. त्याचे ०.३४ किलो गेले, उरले ५.५१. ते ३०० घनमीटरवर वाटले तर लिटरमागे १८ मिग्रॅ येतात. तेच १५ मिग्रॅ एका गावात घातक आणि दुसऱ्यात चालण्यासारखं, ते असं.

मग १८ ची परवानगी द्यायची का? नको. नीट चालवलेल्या ईटीपीतून जस्त १-२ मिग्रॅपर्यंत सहज येतं. अमेरिकेत धातुकामाच्या कारखान्यांना रोजची कमाल २.६१ आणि मासिक सरासरी १.४८ मिग्रॅ आहे. तंत्राने जमतं ते आणि केंद्राला सोसतं ते, यांत जे कडक ते लावायचं. उरलेला भार उद्याच्या कारखान्यांसाठी शिल्लक ठेवा. एकदा वाटलेला भार परत घेणं फार अवघड जातं.

मोठ्यांना मर्यादा किलो प्रतिदिनमध्येही द्या. फक्त मिग्रॅ प्रति लिटर दिलं की पाणी वाचवणारा कारखाना दोषी ठरतो आणि नळ सोडून ठेवणारा सुटतो.

९. परवान्यात काय लिहायचं

नमुना घेण्याची नेमकी जागा (प्रक्रियेनंतर, पण कूलिंग टॉवर आणि संडास-बाथरूमचं पाणी मिसळण्याआधी), मर्यादा, नमुन्याचा प्रकार आणि वारंवारता, सौम्य करून मर्यादा गाठण्यास स्पष्ट बंदी, उत्पादन किंवा प्रक्रिया बदलण्याआधी कळवण्याची अट, अपघाती सांडणीचा आराखडा, नोंदी तीन वर्षं जपणं. मर्यादा ओलांडल्याचं कळल्यापासून २४ तासांत कळवणं आणि ३० दिवसांत पुन्हा नमुना देणं, ही अमेरिकी तरतूद जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. तिथे परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, आणि रोज सुमारे ९५ घनमीटरहून अधिक प्रक्रियेचं पाणी सोडणारा कारखाना धंदा कोणताही असला तरी ‘महत्त्वाचा’ धरला जातो. लहान इलेक्ट्रोप्लेटर प्रमाणात बसत नाही म्हणून सोडू नका. धातूचा भार पाण्याच्या मापात मावत नाही.

१०. कारखान्यात प्रक्रिया कुठे बिघडते

सगळे प्रवाह एका टाकीत घेतले की पुढचं काहीच नीट होत नाही. सायनाइड, क्रोमियम आणि आम्ल-अल्कली हे तीन नळ शेवटपर्यंत वेगळे हवेत.

सायनाइड: पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइट. पहिल्या टप्प्यात सायनेट बनतं, त्याला दर किलो सायनाइडला २.७३ किलो क्लोरीन लागतं. पुढे पीएच ८.५ च्या आसपास आणून पूर्ण नष्ट करायला एकूण ६.८ किलोच्या आसपास. प्रत्यक्षात जास्तच, कारण तांबं आणि इतर घटकही क्लोरीन खातात. पहिल्या टप्प्यात पीएच घसरला तर विषारी सायनोजेन क्लोराइड सुटतं. निकेल आणि लोखंडाशी बांधलेलं सायनाइड या पद्धतीने सहज तुटत नाही. निकेलच्या टाकीत सायनाइड मिसळू न देणं हाच इलाज.

षट्संयुजी क्रोमियम: पीएच २ ते ३, सोडियम मेटाबायसल्फाइट दर किलो क्रोमियमला सिद्धांताने २.७४ किलो, कामात तीन किंवा जास्त. पीएच ४ वर गेला की क्रिया इतकी मंदावते की टाकीतल्या वेळात ती संपत नाही. पिवळा रंग जाऊन हिरवट आला म्हणजे झालं असं समजू नका. ओआरपी मीटर (द्रावणाची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता मोजणारा) बघा, आणि त्याचा इलेक्ट्रोड दर आठवड्याला साफ करा.

मग हायड्रॉक्साइड करून खाली बसवणं. त्रिसंयुजी क्रोमियम पीएच ८ च्या आसपास, तांबं ९ च्या जवळ, जस्त ९ ते ९.५, निकेल १० ते १०.५, कॅडमियम त्याहूनही वर उत्तम बसतं. क्रोमियम आणि जस्त पीएच फार चढला तर पुन्हा विरघळतात, म्हणून मिश्र पाण्याला ९ ते ९.५ ची तडजोड करावी लागते आणि निकेल थोडं सुटतं. सगळे पीएच बरोबर असूनही तांबं किंवा निकेल खाली येत नसेल तर ईडीटीए, अमोनिया किंवा साइट्रेट (धातूला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारी रसायनं) शोधा. इलेक्ट्रोलेस प्लेटिंगचं वापरलेलं द्रावण एका दमात सोडलं की हेच होतं. ते वेगळं साठवून सल्फाइडने किंवा धातू पकडणाऱ्या रसायनाने हाताळा, ईटीपीत थेंबाथेंबाने सोडून लपवू नका.

आणि समतोल टाकी, म्हणजे कमीजास्त येणारं पाणी साठवून एकसारखं करणारी. निदान एका पाळीचं पाणी मावेल एवढी नसेल तर डोसिंग पंप कितीही चांगला असो, पीएच हिंदकळतच राहणार.

११. तपासणी

आगाऊ कळवून गेलात तर फक्त स्वच्छ पाणी मिळतं. रात्री, सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि टाक्या धुण्याच्या वेळी जा. नमुन्याच्या मॅनहोलला कुलूप तुमचं हवं.

पाण्यापेक्षा कागद जास्त बोलतो. निकेलचा हिशेब घ्या: एक किलो निकेलपासून १.५८ किलो हायड्रॉक्साइड, ३० टक्के घन असलेल्या फिल्टर प्रेस केकमध्ये पाच किलोच्या वर. वस्तूंबरोबर महिन्याला १०० किलो निकेल धुण्याच्या पाण्यात जात असेल, तर गोदामात किंवा घातक कचरा नेणाऱ्याच्या पावतीवर महिन्याला अर्धा टन केक दिसायलाच हवा. ईटीपीचे अहवाल स्वच्छ, मेटाबायसल्फाइट आणि कॉस्टिकची खरेदी नगण्य, आणि केक नाही, असं दिसलं की तो धातू गटारात गेला आहे. काही ठिकाणी फिल्टर प्रेसचा केकच पाण्यात कालवून सोडतात, तेव्हा तुमच्या केंद्रावर गाळाला गाळ येऊन मिळतो.

दंडासाठी एकेका नमुन्यावर भांडत बसू नका. अमेरिकेत सहा महिन्यांतले ६६ टक्के नमुने मर्यादेबाहेर, किंवा ३३ टक्के नमुने धातूंच्या मर्यादेच्या १.२ पट, असं झालं की कारखाना गंभीर दोषी ठरतो आणि त्याचं नाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रात छापावं लागतं. दंडापेक्षा हे नाव छापणं जास्त परिणाम करतं.

१२. गाळाचा आकडा चढला तर

गाळ किती वेळा तपासायचा ते त्याच्या वर्षाच्या वजनावर ठरतं. भाग ५०३ प्रमाणे वर्षाला २९० टनांच्या खाली एकदा, १,५०० पर्यंत तिमाही, १५,००० पर्यंत दर दोन महिन्यांनी, त्याच्या वर दरमहा. आपल्या उदाहरणातलं केंद्र १,०९५ टनांचं, म्हणजे तिमाहीत बसतं. धातूंचे कारखाने जास्त असतील तर माझ्या मते तिमाही फार विरळ; दरमहा एक मिश्र नमुना घ्या.

आकडा चढल्यावर गाळाच्या तारखेपासून मागे मोजा. डायजेस्टरमध्ये तो २०-२५ दिवस फिरत होता, त्याआधी काही दिवस हवेच्या टाकीत. डायजेस्टरमध्ये सगळं मिसळतं, म्हणून एका रात्रीची मोठी सांडणी आकड्यात हळूहळू चढते आणि तितक्याच हळू उतरते. अचानक चढून पुढच्याच नमुन्यात उतरलेला आकडा बहुतेक वेळा नमुन्याचा किंवा प्रयोगशाळेचा दोष असतो. राखून ठेवलेल्या नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत द्या. तोवर त्या महिन्याचा गाळ वेगळ्या वाफ्यात ठेवा, जुन्या ढिगावर टाकू नका. नाहीतर चांगला गाळही अडकतो.

जमिनीवर टाकताना दर शेताची नोंदवही ठेवा: तारीख, कोरडे टन, त्या खेपेचा अहवाल, हेक्टरी गेलेला प्रत्येक धातू. १,४०० मिग्रॅ जस्ताचा १० टन गाळ हेक्टरी १४ किलो जस्त देतो. हे फार नाही, आणि बहुतेक वेळा मात्रा धातूवरून नव्हे, पिकाला लागणाऱ्या नत्रावरून ठरते. रोगजंतूंची तपासणी याहून वेगळी. धातूंचा अहवाल चांगला आला म्हणून ती टळत नाही.

वरच्या तक्त्यात नसलेला एक गट मात्र यादीत आत्ताच घ्या: फ्लोरिनयुक्त टिकाऊ रसायनं. क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर वाफ दाबायला वापरलेल्या पीएफओएससारख्या द्रव्यांना केंद्रातली कोणतीही नेहमीची प्रक्रिया तोडत नाही. पुढच्या परवान्यात क्रोम प्लेटर आणि अग्निशमन फेस वापरणाऱ्यांकडून रसायनांची नावं व साठा लेखी मागवा, आणि त्यांच्या फाट्यावरचा एक नमुना दरवर्षी तपासायला पाठवा.